भ्रमणध्वनीच्या बॅटरीची सुरक्षितता

भ्रमणध्वनी (मोबाईल फोन), टॅब्लेट, पॉवर बँक यांसारख्या हातात वागवण्याच्या जवळजवळ सर्व विद्युत उपकरणांत आज लिथियम-आयन प्रकारची पुनःपुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी वापरली जाते. कमी वजनात पुष्कळ ऊर्जा साठवण्याची क्षमता हा या बॅटरीचा मुख्य गुण आहे. मात्र हीच ऊर्जा अनियंत्रितपणे बाहेर पडली, तर बॅटरी पेट घेऊ शकते किंवा तिचा स्फोट होऊ शकतो. वापरात असलेल्या बॅटऱ्यांची अफाट संख्या पाहता अशा घटनांचे प्रमाण अत्यल्प आहे. परंतु हे उपकरण अंथरुणात, खिशात, लहान मुलांच्या हातात आणि विमानात सतत सोबत असल्याने प्रत्येक घटनेचे परिणाम गंभीर होऊ शकतात. बॅटरीची रचना, बिघाडाची कारणे, वापरताना घ्यायची काळजी, आग लागल्यास करायचे उपाय आणि संबंधित नियम यांची माहिती या लेखात दिली आहे.

रचना आणि कार्य

लिथियम-आयन घटाचे चार प्रमुख भाग असतात : धन अग्र, ऋण अग्र, त्यांच्यामधील विलगक आणि विद्युत अपघटनी द्रव. भ्रमणध्वनीच्या बॅटरीत धन अग्र सहसा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लेपलेल्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे, तर ऋण अग्र तांब्याच्या पत्र्यावर लेपलेल्या ग्रॅफाइटचे असते. विलगक हा पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा सूक्ष्म छिद्रे असलेला पातळ पडदा असतो. त्याची जाडी मानवी केसाच्या जाडीहूनही कमी असते. विद्युत अपघटनी म्हणून सेंद्रिय कार्बोनेट द्रावकांत विरघळवलेला लिथियमचा क्षार वापरतात. हे द्रावक ज्वलनशील असतात.

बॅटरी चार्ज होत असताना लिथियमचे आयन धन अग्राकडून विलगकाच्या छिद्रांतून ऋण अग्राकडे जातात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये सामावले जातात. फोन वापरात असताना हीच क्रिया उलट दिशेने घडते. पूर्ण चार्ज झालेल्या घटाचे विभवांतर रचनेनुसार सुमारे ४.२ ते ४.४५ व्होल्ट असते. या मर्यादेपलीकडे चार्जिंग झाल्यास किंवा घट प्रमाणाबाहेर रिकामा झाल्यास त्याच्या अंतर्भागाला इजा होते. म्हणून प्रत्येक बॅटरीला एक संरक्षक परिपथ जोडलेला असतो. अतिरिक्त चार्जिंग, अति-विसर्जन, शॉर्ट सर्किट किंवा तापमानवाढ झाल्यास हा परिपथ विद्युतप्रवाह तोडतो.

साठवलेल्या ऊर्जेची कल्पना एका साध्या गणिताने येते. ५,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या आणि ३.८५ व्होल्ट सरासरी विभवांतराच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास, म्हणजे जवळपास ६९ किलोज्यूल ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेने पेलाभर पाण्याला उकळी आणता येते. बॅटरीतील ज्वलनशील द्रव पेटल्यास बाहेर पडणारी उष्णता याखेरीज असते.

इतिहास

१९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड आणि धातुरूप लिथियम यांचा वापर करून पुनर्भरणक्षम बॅटरी तयार केली. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी धन अग्रासाठी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड उपयुक्त असल्याचे दाखवून दिले. धातुरूप लिथियमवर चार्जिंगच्या वेळी सुईसारखे सूक्ष्म कोंभ वाढत आणि ते विलगकाला भेदून आतल्या आत शॉर्ट सर्किट घडवत. १९८९ मध्ये मोली एनर्जी या कॅनडातील कंपनीच्या अशा बॅटऱ्यांनी जपानमधील भ्रमणध्वनींमध्ये पेट घेतल्याने त्या परत मागवाव्या लागल्या होत्या.

जपानी संशोधक अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातुरूप लिथियमऐवजी कार्बनयुक्त पदार्थाचे ऋण अग्र वापरून ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना या कार्याबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या बॅटरीच्या विकासात सुरक्षिततेचा प्रश्न अशा प्रकारे आरंभापासूनच मध्यवर्ती राहिला आहे.

आग लागण्याची प्रक्रिया

घटाचे तापमान काही कारणाने सुमारे ८० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले की ऋण अग्रावरील संरक्षक थराचे विघटन सुरू होते. या विघटनातून उष्णता निर्माण होते. सुमारे १३० अंशांच्या आसपास पॉलिएथिलीनचा विलगक वितळू लागतो. सुरुवातीला त्याची छिद्रे बुजून आयनांचा प्रवाह थांबतो; परंतु तापमान वाढतच राहिल्यास पडदा आकसतो वा फाटतो आणि दोन्ही अग्रे एकमेकांना भिडतात. त्यानंतर धन अग्राच्या पदार्थातून ऑक्सिजन बाहेर पडतो व द्रावकांशी त्याची अभिक्रिया होते.

प्रत्येक अभिक्रियेतून निघालेली उष्णता पुढील अभिक्रियेला चालना देते. या साखळीला तंत्रज्ञ ‘थर्मल रनअवे’ म्हणजेच औष्णिक अनियंत्रण असे म्हणतात. ही साखळी एकदा सुरू झाली की चार्जर काढून किंवा फोन बंद करून ती थांबत नाही. काही सेकंदांत घटाचे तापमान कित्येकशे अंशांपर्यंत जाऊ शकते. या वेळी बाहेर पडणाऱ्या वायूंत हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन वायू आणि हायड्रोजन फ्लोराइड यांचा समावेश असतो. हायड्रोजन फ्लोराइड डोळे, त्वचा व श्वसनमार्ग यांना अत्यंत घातक असतो.

बिघाडाची कारणे

यांत्रिक इजा : फोन उंचावरून पडणे, त्यावर बसणे, तो दाबला वा वाकवला जाणे किंवा दुरुस्ती करताना टोकदार हत्यार बॅटरीत घुसणे यांमुळे विलगकाला इजा होते. इजेचा परिणाम लगेच दिसेलच असे नाही. पडलेला फोन काही दिवस व्यवस्थित चालून नंतर तापू लागण्याची शक्यता असते.

विद्युत कारणे : निकृष्ट चार्जर, सदोष संरक्षक परिपथ, बनावट बॅटरी आणि उघड्या टोकांचे शॉर्ट सर्किट ही या प्रकारातील कारणे होत. सुटी बॅटरी नाणी किंवा किल्ल्यांबरोबर खिशात ठेवल्यास तिची टोके धातूने जोडली जाऊ शकतात.

औष्णिक कारणे : कडक ऊन, शेगडीसारखी उष्णतेची साधने, तसेच उशी, गादी किंवा पांघरूण यांमुळे कोंडलेली उष्णता यांचा यात समावेश होतो.

थंडी : तापमान शून्य अंश सेल्सिअसखाली असताना चार्जिंग केल्यास लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये सामावले न जाता त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपात साचतात. त्यामुळे बॅटरीची क्षमता घटते व अंतर्गत शॉर्ट सर्किटचा धोका वाढतो.

उत्पादनदोष : जोडकामात राहिलेली धातूची कुसळे, चुकीच्या मापाचे वेष्टन किंवा विलगकातील दोष यांमुळे वापरकर्त्याची कोणतीही चूक नसतानाही बॅटरी पेटू शकते.

उल्लेखनीय घटना

ऑगस्ट २००७ मध्ये नोकिया कंपनीने बीएल-५सी या प्रकारच्या बॅटऱ्यांबाबत जागतिक सूचना प्रसिद्ध केली. मात्सुशिता बॅटरी या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात तयार केलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या त्या सूचनेच्या कक्षेत होत्या. चार्जिंगच्या वेळी शॉर्ट सर्किट होऊन बॅटरी तापण्याच्या सुमारे १०० घटना त्या वेळेपर्यंत नोंदल्या गेल्या होत्या. अशा बॅटऱ्या विनामूल्य बदलून देण्यात आल्या.

१९ ऑगस्ट २०१६ रोजी विक्रीस आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी नोट ७ या फोनला आग लागण्याच्या घटना घडल्याने कंपनीने २ सप्टेंबर रोजी सुमारे २५ लाख फोन परत मागवण्याची घोषणा केली. दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी घालून बदलून दिलेले फोनही पेटू लागल्यावर ११ ऑक्टोबर २०१६ रोजी या फोनचे उत्पादन कायमचे थांबवण्यात आले. जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीच्या निष्कर्षांनुसार पहिल्या प्रकारच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात जागा अपुरी पडल्याने ऋण अग्र वाकले होते, तर दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीत जोडकामाच्या ठिकाणी राहिलेल्या कुसळांमुळे शॉर्ट सर्किट झाले होते. एकाच फोनमध्ये दोन वेगवेगळ्या दोषांमुळे सारखाच परिणाम घडल्याचे हे उदाहरण बॅटरी-सुरक्षेच्या अभ्यासात वारंवार दिले जाते.

चार्जिंग करताना घ्यायची काळजी

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. चार्जर हा दाब कमी करून फोनला प्रारंभी सुमारे ५ व्होल्टचा एकदिश प्रवाह पुरवतो. जलद चार्जिंगमध्ये फोन आणि चार्जर यांच्यात संकेतांची देवाणघेवाण होऊन दाब वा प्रवाह वाढवला जातो. त्यामुळे प्रमाणित जलद चार्जर साध्या फोनला लावल्यास अपाय होत नाही. खरा धोका चार्जरच्या आतील विलगीकरणाचा असतो. निकृष्ट चार्जरमध्ये उच्च दाबाचा व कमी दाबाचा भाग यांच्यामधील अंतर आणि निरोधन अपुरे असते. ते निकामी झाल्यास वायरच्या फोनकडील टोकापर्यंत २३० व्होल्टचा दाब पोहोचून वापरणाऱ्यास विजेचा प्राणघातक धक्का बसू शकतो.

सुरक्षित चार्जिंगसाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

• फोनसोबत आलेला किंवा मानकाची खूण असलेला चार्जर व वायर वापरावी. आवरण फाटलेली, वाकून तारा दिसू लागलेली किंवा टोकाशी काळवंडलेली वायर टाकून द्यावी.
• फोन टेबल, फरशी अशा कठीण व मोकळ्या पृष्ठभागावर ठेवून चार्ज करावा. उशीखाली, अंथरुणात, सोफ्याच्या फटीत किंवा कागदांच्या ढिगावर ठेवू नये.
• चार्जिंगला लावलेला फोन कानाशी धरून बोलणे, त्यावर बराच वेळ खेळ खेळणे आणि लहान मुलांच्या हाती तो देणे टाळावे.
• न्हाणीघरात किंवा ओल्या हातांनी चार्जिंगची जोडणी करू नये.
• फोन भिजला असल्यास तो बंद करून, जोडणीचे छिद्र खाली राहील अशा रीतीने हवेशीर जागी पूर्ण वाळू द्यावा व तोवर चार्ज करू नये. फोन तांदळात ठेवण्याचा प्रचलित उपाय उपयुक्त नाही. तांदळाचे बारीक कण आत शिरून नुकसान होऊ शकते.
• वायरविरहित चार्जरवर फोन ठेवताना मध्ये नाणे, किल्ली किंवा धातूची पट्टी नसल्याची खात्री करावी; अशी वस्तू प्रवर्तित प्रवाहामुळे तापते.
• चार्जिंगच्या वेळी फोन किंचित कोमट होणे स्वाभाविक आहे. हात लावणे कठीण होईल इतका तो तापल्यास मुख्य बटण बंद करून वायर काढावी आणि तपासणी करून घ्यावी.

तापमान आणि आयुर्मान

अनेक उत्पादक फोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही तापमानमर्यादा सुचवतात. महाराष्ट्रात विदर्भातील नागपूर, चंद्रपूर या शहरांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही बरेच अधिक होते. अशा मोटारीत फोन किंवा पॉवर बँक ठेवून जाणे, तसेच दुचाकीच्या हँडलवर भर उन्हात फोन चार्ज करत नेणे धोक्याचे आहे. तापलेला फोन शीतकपाटात ठेवू नये, कारण आत बाष्प साचून ओलावा निर्माण होतो. सावलीत ठेवून, आवरण काढून तो आपोआप थंड होऊ द्यावा.

बॅटरी वापरात नसतानाही हळूहळू जीर्ण होते. अधिक तापमान आणि दीर्घकाळ पूर्ण चार्ज असणे या दोन गोष्टींनी ही झीज वेगावते. म्हणून फोन किंवा पॉवर बँक बराच काळ बाजूला ठेवायची असल्यास ती सुमारे निम्मी चार्ज करून थंड व कोरड्या जागी ठेवतात. अनेक फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय याच कारणासाठी दिलेली असते.

फुगलेली बॅटरी

जीर्ण किंवा सदोष घटात विद्युत अपघटनीचे विघटन होऊन वायू साचतो व बॅटरी फुगते. फोनची पाठ उचलली जाणे, पडदा चौकटीतून वर येणे, सपाट पृष्ठभागावर फोन डुगडुगणे किंवा गोडसर, रसायनासारखा वास येणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा फोनचा वापर व चार्जिंग त्वरित थांबवून तो बंद करावा. वायू बाहेर काढण्यासाठी बॅटरीला भोक पाडणे, ती दाबून बसवण्याचा प्रयत्न करणे किंवा स्वतः उचकटून काढणे अत्यंत धोकादायक आहे. दुरुस्ती केंद्राकडे नेईपर्यंत फोन ज्वलनशील वस्तूंपासून दूर, फरशीवर अथवा वाळू भरलेल्या धातूच्या भांड्यात ठेवावा.

आग लागल्यास

फोनमधून धूर, फुसफुस आवाज किंवा ठिणग्या येऊ लागल्यास प्रथम माणसांनी, विशेषतः लहान मुलांनी, त्यापासून दूर जावे. चार्जर जोडलेला असल्यास भिंतीवरील बटण किंवा घराचा मुख्य स्विच बंद करावा. पेटलेला फोन हातात उचलू नये. तो कोणत्याही क्षणी भडकू शकतो. धूर श्वासावाटे जाऊ देऊ नये. सुरक्षितपणे शक्य असल्यास दारे-खिडक्या उघडाव्यात.

वीजपुरवठा तोडल्यानंतर लहान उपकरणाच्या बॅटरीवर भरपूर पाणी ओतणे हा परिणामकारक उपाय आहे. लिथियम धातू पाण्याशी तीव्र अभिक्रिया करतो, म्हणून पाणी वापरू नये अशी समजूत आढळते. परंतु लिथियम-आयन घटात लिथियम मुख्यतः आयन व संयुगांच्या रूपात असतो. पाण्यामुळे घट थंड होऊन अभिक्रियांची साखळी खंडित होते. कोरडी पूड किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक ज्वाळा विझवतात, मात्र घट पुरेसा थंड करत नाहीत. त्यामुळे विझलेली बॅटरी काही वेळाने पुन्हा पेटू शकते. आग पसरत असल्यास घराबाहेर पडून १०१ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

विमानप्रवास

३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस कंपनीचे एक मालवाहू बोईंग ७४७ विमान दुबईजवळ कोसळून दोन्ही वैमानिक मरण पावले. विमानातील लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली होती. १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने प्रवासी विमानांतून माल म्हणून स्वतंत्र लिथियम-आयन बॅटऱ्या नेण्यास मनाई केली.

प्रवाशांनी सुट्या बॅटऱ्या व पॉवर बँका सोबतच्या सामानातच ठेवायच्या असतात. विमानाच्या पोटातील सामानात त्या ठेवण्यास बंदी आहे. प्रवासी कक्षात आग लगेच लक्षात येते आणि कर्मचारी पाणी वापरून बॅटरी थंड करू शकतात, हे त्यामागील कारण आहे. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीस सामान्यतः परवानगी असते. १०० ते १६० वॅट-तासांच्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने नेता येतात. मिलिअँपिअर-तासांना व्होल्टने गुणून १,००० ने भागले असता वॅट-तास मिळतात. उदाहरणार्थ, २०,००० मिलिअँपिअर-तासांची ३.७ व्होल्टची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची असते.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या विमानाला आग लागली. विमानातील सर्व १७६ जण बाहेर पडू शकले. डोक्यावरील कप्प्यात ठेवलेल्या पॉवर बँकेतील बिघाडामुळे आग लागली असावी, असा प्राथमिक निष्कर्ष काढण्यात आला. त्यानंतर तेथे पॉवर बँक डोक्यावरील कप्प्यात ठेवण्यास मनाई करण्यात आली, तर सिंगापूर एअरलाइन्स, एमिरेट्स अशा काही कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरण्यावर बंदी घातली. विमानात फोन आसनाच्या फटीत पडल्यास आसन हलवू नये, कारण यंत्रणेत सापडून बॅटरी चिरडली जाऊ शकते. अशा वेळी कर्मचाऱ्यांना बोलवावे.

भारतातील मानके

इलेक्ट्रॉनिक व माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या अनिवार्य नोंदणीसंबंधीच्या आदेशानुसार भ्रमणध्वनी, त्यांचे चार्जर, पॉवर बँका आणि बॅटऱ्या यांची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. बॅटऱ्यांसाठी आयएस १६०४६, तर फोन, चार्जर व पॉवर बँकांसाठी आयएस १३२५२ हे मानक त्यासाठी लागू करण्यात आले. नोंदणीकृत वस्तूवर मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर हा क्रमांक टाकून उत्पादकाची माहिती पडताळता येते. बनावट वस्तूंवरही खूण छापलेली असू शकते. त्यामुळे केवळ खूण पाहण्यापेक्षा क्रमांकाची पडताळणी अधिक विश्वसनीय ठरते.

विल्हेवाट

निकामी बॅटरी घरातील कचऱ्यात टाकल्यास कचरागाडीत दाबली जाऊन किंवा कचराभूमीत फुटून आग लागू शकते. यात सफाई कामगारांच्या जिवाला धोका असतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. बॅटरीवरील फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह ती सामान्य कचऱ्यात टाकू नये असे दर्शवते. अशी बॅटरी टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलन केंद्रात किंवा अधिकृत सेवा केंद्रात द्यावी.

गैरसमज

• नवी बॅटरी पूर्ण रिकामी करूनच चार्ज करावी : हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातील आहे. लिथियम-आयन बॅटरीला त्याची गरज नसते. वारंवार पूर्ण रिकामी केल्याने तिची झीज वाढते.
• रात्रभर चार्जिंग केल्यास बॅटरीत प्रमाणाबाहेर वीज भरते : सुस्थितीतील फोन पूर्ण चार्ज झाल्यावर प्रवाह थांबवतो. मात्र सर्वजण झोपेत असताना बिघाड झाल्यास तो उशिरा लक्षात येतो, म्हणून जागेपणी चार्जिंग करणे अधिक सुरक्षित आहे.
• भ्रमणध्वनी आकाशातील वीज ओढून घेतो : फोनमुळे वीज आकर्षित होत नाही. परंतु चार्जिंगला जोडलेल्या फोनपर्यंत घराच्या वायरिंगमधून विजेचा लोट पोहोचू शकतो. त्यामुळे गडगडाट सुरू असताना चार्जर काढून ठेवावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ ॲपवर परिसरातील विजांचा इशारा मिळत असल्याने वादळात फोन बंद ठेवण्यापेक्षा तो चार्जरपासून वेगळा करून जवळ बाळगणे उपयुक्त ठरते.